खालचा आवाज

मंगळवार, ४ मार्च

शेवटी ठरलं. होम थिएटर हॉलमध्येच करायचं. मागची खोली मी त्यासाठी वर्षानुवर्षं राखून ठेवली होती, खिडकीला जाड पडदेसुद्धा शिवून घेतले होते. पण सासूबाई गेल्या, बायकोचे बाबा आमच्याकडे राहायला आले आणि ती खोली त्यांची झाली. यात माझी काही तक्रार नाही. थोडी आहे. इथे लिहायला काय हरकत?

बायको म्हणाली, "हॉलमध्ये काय हवं ते कर. फक्त माझ्या घरात मला तिकीट काढून आल्यासारखं वाटायला नको."

मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरून विचारत असतो, "हे बरं की मघाचं बरं?" चष्म्याच्या दुकानात जन्म गेला. आता कोणीतरी मला खुर्चीत बसवावं, दोन आवाज ऐकवावेत आणि विचारावं, हा बरा की मघाचा, एवढीच माफक इच्छा. पुढचे तीन स्पीकर माझ्याकडे आहेत. राहिले मागचे दोन, म्हणजे सराउंडचे, आणि जड, खालचा आवाज काढणारा सबवूफर.

आज मिक्सर जळाला. बायको शाळेतून आली तर स्वयंपाकघरात धूर, मिक्सर रिकामा फिरतोय आणि बाबा शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतायत. मागे एकदा धूर बाहेर फेकणारा पंखा असाच दिवसभर चालू होता. टीव्ही तर त्यांच्या खोलीत चालूच असतो, त्याच्याकडे पाठ करून बसलेले असतात. विचारलं की म्हणतात, "विसरलो."  बायकोनं खिडक्या उघडल्या आणि मिक्सर कागदात गुंडाळून बाहेर ठेवला.

एका गिऱ्हाइकानं मला वृद्धांच्या निवासाचा पत्ता दिलाय. चांगली जागा आहे म्हणे, झाडं आहेत. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

सोमवार, १० मार्च

दुकानाची सुट्टी. स्पीकर ऐकायला गेलो. बायको शाळेत, आणि मिक्सरच्या प्रकरणानंतर बाबांना शक्यतो एकटं ठेवायचं नाही असं ठरल्यामुळे तेही बरोबर.

दुकानदाराला सगळे डेसिबल म्हणतात. माणूस कुजबुजतो तेसुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जातं. त्यानं आम्हाला आतल्या खोलीत नेलं. भिंतींना गाद्या, खाली जाड गालिचा, दार बंद केलं की बाहेरचं जग संपलं. बाबांना मधल्या खुर्चीत बसवलं. मी बाजूला.

आधी सराउंड. दोन प्रकारचे ऐकवले. एकाचा आवाज थेट कानावर येतो, दुसऱ्याचा भिंतींवर आपटून सगळीकडून. माझ्या हॉलमध्ये सोफा भिंतीजवळ, म्हणून डेसिबलच्या मते दुसरा बरा. मला पहिला आवडला. मागे कोणी पाऊल टाकलं तर ते कुठे टाकलं हे कळलंच पाहिजे, नाहीतर पैसे कशाला घालवायचे? डेसिबलनं एक प्रसंग लावला. अंधाऱ्या जिन्यातून कोणीतरी वर येतंय. पावलं मागून, डावीकडून, जवळ जवळ. माझ्या मानेवर काटा आला. मी खूश. बाबांनी एकदाच मागे वळून पाहिलं आणि पुन्हा सरळ बसले.

मग सबवूफर. आठ इंची, दहा इंची, बारा इंची. बारा इंचीनं खुर्ची हलली. मी म्हटलं, आमचा हॉल लहान, खालचे लोक भांडायला येतील. तेवढ्यात बाबा उठले, वाकले आणि दहा इंचीच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवून उभे राहिले. डॉक्टर पोटावर ठेवतो तसा. बराच वेळ.

"हा घ्या," म्हणाले.

"का हो बाबा?"

"हा दातात येतो."

डेसिबल खदाखदा हसला आणि त्यानं सगळं बंद केलं. एकदम. त्या खोलीत आवाज बंद झाला की कानात कापूस कोंबल्यासारखं होतं. मी किंमत विचारायला तोंड उघडतोय तर बाबा दाराशी पोचलेले. दार बाहेर ढकलायचं होतं आणि ते आत ओढत होते. डेसिबलनं उघडून दिलं. ते फुटपाथवर, गाड्यांच्या गोंगाटात जाऊन उभे राहिले. घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

त्यांच्या वयाला आवाज फार मोठा झाला असणार. माझंच चुकलं. सासूबाई असत्या तर मला चार शब्द सुनावले असते. चार कसले, चारशे. बाईंच्या तोंडाला खळ नव्हता. आम्ही त्यांना चोरून आकाशवाणी म्हणायचो. बाबांच्या मागे मागे घरभर फिरत बोलायच्या. भाजीवाल्यापासून भूकंपापर्यंत सगळं. बाबा हूं की चूं करायचे नाहीत. मला त्यांची दया यायची.

दहा इंचीच घेतला. मागचे दोन मला आवडले तेच.

गुरुवार, १३ मार्च

सबवूफर आला! मागचे पुढच्या आठवड्यात.

तो कुठे ठेवायचा हे शोधायची एक गंमत आहे. आपण जिथे बसतो तिथे, म्हणजे सोफ्यावर, सबवूफर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत हॉलभर फिरायचं. जिथे जड आवाज घट्ट लागेल ती त्याची जागा. मी रांगत असताना बायको आली. पिशवी खाली ठेवून बघत राहिली.

"काय हरवलं?"

"बेस शोधतोय."

"सापडला की सांग, मी चहा टाकते."

शेवटी बाबांच्या खोलीच्या दाराजवळचा कोपरा ठरला. पण एक भानगड आहे. काही लावलेलं नसतानाही पेटीतून बारीक घूं असा आवाज येतो. डेसिबलला फोन केला. म्हणाला, अर्थिंगचा घोळ, सगळी यंत्रं एकाच ठिकाणी जोडा, जाईल.

नवल म्हणजे संध्याकाळी बाबा त्या पेटीशेजारच्या खुर्चीत झोपले. तोंड उघडं, हात लोंबते. बायकोनं मला हातानंच गप्प राहायची खूण केली आणि तिथेच जमिनीवर बसून मुलांचे पेपर तपासले. आमच्याकडे आल्यापासून ते दिवेलागणीला असे झोपलेले मी पाहिले नव्हते. रात्रीचं मला माहीत नाही.

शनिवार, १५ मार्च

घूं घालवला. दुकानात जायच्या आधी तारा सोडवून सगळं एका बोर्डावर आणलं. टाचणी पडली तरी ऐकू येईल. स्वतःची पाठ स्वतःच थोपटली.

संध्याकाळी आलो तर बाबा त्याच खुर्चीत. टीव्ही मोठ्यानं चालू, बाथरूममधला पंखा चालू, स्वयंपाकघरातलाही.

"जावईबुवा, तो बंद का केलात?"

"बंद नाही केला बाबा. घरघर काढली फक्त. आता आवाज स्वच्छ येईल."

"घरघरच बरी होती."

मी त्यांना समजावलं की घरघर हा दोष आहे. ते ऐकत होते, चष्मा नको असलेलं गिऱ्हाईक ऐकतं तसे. मग आपणहून बोलायला लागले. हे विशेष. ते जन्मभर डोंगराच्या पोटातल्या वीजघरात शिफ्टवर होते. बोगद्यातून आत जायचं, खाली मोठाली यंत्रं फिरतायत, पाणी वरून कोसळतंय. तिथला आवाज कानानं ऐकायचाच नाही म्हणे. तो दातात येतो, बरगड्यांत येतो. सहा महिन्यांनी कळेनासा होतो. "घरी यायचो तेव्हा कळायचं, काहीतरी नाहीये."

"मग आता शांतता आहे तर बरं नाही का वाटत?"

"घरघर थांबली की मागून ऐकू येतं," ते म्हणाले.

"काय?"

"काही नाही. जेवायचं झालं का बघा."

कानात आवाज येण्याचा आजार असतो, माझ्या दोन गिऱ्हाइकांना आहे. कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला हवी.

रविवार, १६ मार्च

बायकोला कानाच्या डॉक्टरांचं सांगितलं. आणि ओघात, त्या झाडांच्या जागेचंही. गच्चीवर कपडे वाळत घालत होती. हातातली चादर पिळायची थांबली.

"घूं का काढलास?" तिनं विचारलं.

"दोष होता म्हणून."

"लंबूकाका माहितीये तुला?"

मला माहीत नव्हते. तिनं चादर दोरीवर टाकली, दोन्ही टोकं सारखी केली आणि सांगितलं. मी लिहून ठेवतो.

लंबूकाका बाबांच्या शिफ्टवरचे. दारातून वाकून यायचे एवढे उंच. ती शाळेत होती तेव्हाची गोष्ट. वीजघराच्या सगळ्यात खालच्या भागात नळाचा एक मोठा सांधा फुटला. लंबूकाका झडप बंद करायला खाली उतरले. वरच्या तोंडाशी लोखंडी दार होतं, ते आपोआप मिटायचं, म्हणून बाबा ते धरून उभे राहिले. पाणी वाढलं. यंत्रं थांबली. दिवे गेले.

"बाबा म्हणाले होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिथे आवाज नव्हता. आणि मग खालून हाक आली."

"लंबूकाकांची?"

"हो. बाबांच्या नावानं. मग साहेबांनी दार लावायला सांगितलं, नाहीतर वरचेही सगळे गेले असते. बाबा सोडेनात. चौघांनी ओढून काढलं त्यांना. पाणी उपसायला पुढे किती दिवस लागले."

मी बादलीतला एक सदरा उचलून तिच्या हातात दिला.

"आई त्याआधी फारशी बोलायची नाही," ती म्हणाली. "तुला खरं वाटणार नाही. घरात आम्हीच दोघी बहिणी बडबड्या. त्यानंतर बोलायला लागली ती शेवटपर्यंत. घसा बसला की रेडिओ लावायची."

बादली घेऊन ती खाली गेली. मी वर थोडा वेळ चिमटे गोळा करत बसलो. मग खाली येऊन तारा पुन्हा होत्या तशा चुकीच्या जोडल्या. घूं आला. बाबा बाहेर आले, खुर्चीत बसले.  तो पत्ता मी फाडून टाकला.

म्हणजे प्रश्न सुटला. दोष राहू द्यायचा, बस. सिनेमा लावला की तो तसाही ऐकू येत नाही.

शुक्रवार, २१ मार्च

मागचे स्पीकर आले. सोमवारी सुट्टीत लावणार. बायको म्हणते, "कानामागून आले नि तिखट झाले." बाबांनाही हसू आलं. आठवडा चांगला गेला. रोज दुपारी झोपतात, दोन पोळ्या जास्त खातात.

सोमवार, २४ मार्च



दुपारी मागच्या भिंतीवर, कानांपेक्षा जरा वर, दोन्ही स्पीकर लावले. बाबांनी स्टूल धरलं. तार कुठून न्यावी ते सुचवलं. आमचं इतकं छान जमलं होतं. मग मी त्यांना सोफ्यावर मधोमध बसवलं आणि डेसिबलनं दिलेला तो जिन्याचा प्रसंग लावला. पावलं आली. नंतर त्यात एक माणूस हाक मारतो, मी विसरलोच होतो. डाव्या खांद्यामागून, लांबून, पाण्यातून आल्यासारखी.

"कोण?" बाबा म्हणाले.

आणि मी, मी मूर्ख, म्हणालो, "बघा! मागे कोणी उभं असल्यासारखं वाटतं की नाही?"

त्याच क्षणी वीज गेली. पावलं गेली, पंखे गेले, फ्रिज गेला, घूं गेला. इमारतभर काहीच नाही. मी फ्यूज बघायला बाहेरच्या बोर्डाशी गेलो, शेजाऱ्यांकडे विचारलं, त्यांचीही गेलेली. परत आलो तर सोफा रिकामा. खोली रिकामी. चपला दाराशीच होत्या.

आधी गच्चीवर पळालो. का कोण जाणे. माणूस वर जाईल असं वाटलं. मग खाली. फाटकावरचा पहारेकरी जागेवर नव्हता. रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं. एक बाई म्हणाली, अनवाणी आजोबा का, ते मागे तळघराकडे गेले.

आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप तळघरात आहे. वर लोखंडी दार, ते आपोआप मिटतं. पोराटोरांनी आत जाऊ नये म्हणून स्प्रिंग बसवलीये. बाबा ते दार पाठीनं आणि दोन्ही हातांनी रेटून उभे होते. आतल्या पायऱ्या अंधारात उतरत गेलेल्या.

"बाबा, अहो चला वर."

"खाली आहे तो. हाक आली." माझ्याकडे बघत नव्हते. "तुम्ही नाही ऐकली?"

मी पहारेकऱ्याचाच विचार केला. तो जागेवर नव्हता. खाली पंप बघायला गेला आणि अंधारात पडला असेल तर? मोबाइलच्या उजेडात मी उतरलो. पंप गळत होता, खाली पाणी साठलेलं. दोनदा हाक मारली. भिंती, पंप, काळं पाणी, त्यात माझाच उजेड. कोणी नव्हतं. खरं सांगतो, कोणी नव्हतं, तरी मला पाठ वळवायला नको वाटत होतं. परत फिरलो आणि भराभर चढलो.

दाराशी आलो तसं बाबांनी माझं मनगट धरलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातात एवढं बळ! मला ओढून बाहेर घेतलं. आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी बुटका, ढेरीवाला माणूस.

"आलास?" म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला कधी अरे म्हटलेलं नाही. कायम जावईबुवा, कायम तुम्ही.

"आलो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी दार सोडलं. ते धाडकन मिटलं, आवाज वरपर्यंत गेला. बाबांच्या तळव्यांवर दाराच्या कडेची लाल रेघ उमटली होती. ते आपले हात बघत राहिले. मग म्हणाले, "तू पुढे हो."

मी पुढे, ते मागे, असे जिना चढलो. प्रत्येक मजल्यावर मी वळून बघायचो आणि ते हातानं खुणावायचे, चल, चल. घरी आल्यावर त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि आपल्या खोलीत जाऊन पलंगावर आडवे झाले.

बायको आली तेव्हाही वीज नव्हती. दारातच थबकली. "घर एवढं शांत का आहे?" पिशवी टाकून धावली खोलीकडे. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. दाराकडे पाठ. छाती वरखाली होत होती. ती उंबऱ्यात उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं, स्पीकरचंही. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही.

ती माझ्या ओल्या पायांकडे बघत होती.

"तू आलो म्हणालास?"

"हो."

ती तिथेच खाली बसली आणि रडली. मी घाबरलो. माझं काय चुकलं, मी काही चुकीचं बोललो का, विचारत राहिलो. ती नुसतीच मान हलवत होती, आणि माझा पाय धरून होती, घोट्यापाशी.

पहारेकरी, नंतर कळलं, चहा प्यायला गेला होता.

गुरुवार, २७ मार्च

मागचे स्पीकर काढले. डेसिबलनं परत घेतले, वर मला म्हणाला, "तुमच्या कानाला जमले नाहीत वाटतं." मी हो म्हणालो. घूं आहे तसा आहे. बाबा त्याच्याशेजारी बसतात, पण काल मी सगळं बंद करून तारांवरची धूळ पुसत होतो तेव्हाही ते उठले नाहीत. सोमवारबद्दल कोणी काही काढत नाही. ते मला पुन्हा तुम्ही म्हणायला लागलेत.

रात्री मात्र मला नीट झोप लागत नाही. ते काळं पाणी डोळ्यांपुढे येतं. हाक मारल्यावर माझा आवाज खालून परत आला तो जरा उशिरा आला असं आता वाटतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, अंधारात बघितलेलं मन वाढवून सांगतं. कानांचंही तेच असावं. बायकोला हे सांगितलेलं नाही.

आज सकाळी चहाला आम्ही दोघंच होतो. ती शाळेत गेली होती, मला दुकानाला वेळ होता. बाबांनी कप खाली ठेवला.

"जावईबुवा, त्या दिवशी वर आलात तेव्हा तुमचे पाय ओले होते."

"हो. पंप गळतो आपला."

"कुठवर होतं पाणी?"

"घोट्यापर्यंत."

"घोट्यापर्यंतच ना?"

"घोट्यापर्यंतच, बाबा."

ते बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"गार होतं?"

"छे," मी म्हणालो. "अजिबात नाही."

गार होतं. हाडांत गेलं होतं.